कडबा, कुटार आणि गव्हांडा

बुलडाणा जिल्ह्यात पीक निघालं की दाणा बाजारात जातो, मागे उरतं ते गोठ्याचं. ज्वारीचं कणीस खुडल्यावर राहिलेलं वाळलं धांडं म्हणजे कडबा. त्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचतात, विक्री शेकड्यावर होते. पावसात भिजून काळा पडलेला कडबा जनावर हुंगून सोडून देतं. म्हणून गंजी नीट झाकायलाच हवी. कुट्टी केली तर नासाडी बरीच वाचते.

सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली, तसा कडबा दुर्मिळ झाला. आता मळणीयंत्रातून उडणारं सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटारच अनेक गोठ्यांचा आधार आहे. ते पेटवून देणं मनाला फार लागतं.

गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, मात्र पचायला जड. त्यावर युरियाची प्रक्रिया करतात: 100 किलो गव्हांड्याला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, गव्हांडा दाबायचा, प्लॅस्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचा. जनावरांना घालण्याआधी वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देऊ नका आणि युरियाचं पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका.