घरच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस कोणता घ्यावा? आधी माइक मोजा

दिवाळीनंतर दुकानात एक मुलगा आला. पुंडलिकनगरचा. पेटी छान वाजवतो, गळाही चांगला आहे. हातात वहीचा कागद, त्यावर सामानाची यादी आणि खाली बेरीज, ५२,००० रुपये. त्यात आठ माइक लागतील असा इंटरफेस, दोन महागडे माइक, स्पीकर, भिंतीला लावायचा फोम, सगळं. पैसे आईच्या बचत गटातून कर्ज काढून उभे करायचे होते. म्हणाला, "सर, फक्त एकदा नजर टाका. उद्या ॲडव्हान्स द्यायचाय."

मी एकच प्रश्न विचारला. "एका वेळी किती माइक चालू राहणार?"

तो जरा थांबला. "एक माझ्या आवाजाला, एक पेटीला."

"आणि तबला?"

"भजनाचं काम असलं की तबलेवाले काका येतात. महिन्यातून एखाद्या वेळी."

म्हणजे रोजचं काम दोन माइकचं, महिन्यातून एकदा तीन-चार माइकचं. आणि कर्ज आठ माइकचं! आजचा लेख याच गणितावर आहे. गारखेड्यात, सिडकोत, हडकोत घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचं काम सुरू करू पाहणारी बरीच मुलं-मुली मला भेटतात. कोणाला अभंग-गवळणी यूट्यूबवर टाकायच्या असतात, कोणाला रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातींचे आवाज करून द्यायचे असतात, कोणाला शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "सर, कोणती कंपनी घेऊ?" कंपनी नंतर बघू हो. आधी काम काय आहे ते सांगा.

इंटरफेस करतो काय?

माइकमधून येणारा सिग्नल फार बारीक असतो. तो मोठा करायचा, मग त्याचे आकडे करून यूएसबीने लॅपटॉपला द्यायचे, आणि लॅपटॉपमधला आवाज परत हेडफोनला द्यायचा. एवढंच या डबीचं काम. पुढची दोन-चार बटणं म्हणजे गेन, हेडफोनचा आवाज आणि ४८ व्होल्टचा स्विच. त्या स्विचला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर माइकला ती लागते, साध्या डायनॅमिक माइकला, म्हणजे स्टेजवर गायक हातात धरतात तसल्याला, लागत नाही.

तुम्हाला फक्त बोलायचं असेल, म्हणजे जाहिरातीचा आवाज किंवा गोष्टी, तर खरं सांगतो, इंटरफेस घेऊच नका. थेट यूएसबीला लागणारा एक बरा माइक घ्या आणि कामाला लागा. इंटरफेस लागतो तो दुसरा माइक आला की, किंवा गिटार-कीबोर्डची वायर थेट लावायची असली की.

डब्यावरचे "२ इनपुट"

इथे बहुतेक जण फसतात. डब्यावर २ इनपुट लिहिलेलं असतं, पण दोन माइक लागतीलच असं नाही. बेहरिंजर यूएम२, एम-ऑडिओचा एम-ट्रॅक सोलो, फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, या तिन्हींना माइकचं इनपुट एकच आहे. दुसरं इनपुट गिटार किंवा कीबोर्डसाठी. गिटार वाजवत गाणाऱ्या माणसाला हे एकदम बरोबर बसतं, कारण गिटारची वायर थेट लागते. पेटीला कुठली वायर? पेटीला माइकच लागतो. म्हणून पेटी वाजवत गाणाऱ्याने नावात "सोलो" दिसलं की पुढच्या डब्याकडे जायचं.

दुकानात डबा हातात घेतला की माइकची तीन भोकांची जागा मोजा. आपल्याकडचे साउंडवाले तिला कॅनन म्हणतात, आणि गिटारच्या जाड पिनेला पी-३८. दोन कॅनन हवेत. बेहरिंजर यूएमसी२०२एचडी, एम-ट्रॅक ड्युओ, प्रीसोनस ऑडिओबॉक्स यूएसबी ९६, स्कार्लेट २आय२, या सगळ्यांना दोन माइक लागतात. भाव बदलत राहतात, पण साधारण अंदाज असा की एका माइकवाले पाच हजारांच्या आसपास सुरू होतात, दोन माइकवाले दहाच्या आसपास, आणि स्कार्लेट २आय२ त्याच्याही बऱ्यापैकी वर जातो. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये गेन आपोआप लावून घेण्याची सोय आहे. एकट्याने गायचं, वाजवायचं आणि मशीनही बघायची असेल तर ती उपयोगी आहे, पण तिच्यासाठी कर्ज वाढवू नका.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, हसू नका. चार वर्षांपूर्वी मी इंटरफेसऐवजी चार माइकचा यूएसबी मिक्सर घेतला. विचार असा की चार माइक आणि भावही कमी, अजून काय पाहिजे? घरी आल्यावर कळलं की हा मिक्सर चारही माइक एकत्र कालवून लॅपटॉपला फक्त डावा-उजवा असे दोनच ट्रॅक देतो. एकदा पाहुण्यांचा आवाज कमी आणि माझा जास्त आला, आणि नंतर तो वेगळा करता आलाच नाही. मुलाखत पुन्हा घ्यावी लागली. सगळे मिक्सर असे नसतात, पण घेण्याआधी विचारा, "यूएसबीवरून प्रत्येक माइक वेगळा जातो का?" दुकानदाराला नीट सांगता आलं नाही तर घेऊ नका.

१९२ चा मोह

डब्यावर मोठ्या अक्षरात २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं. माणसाला ऐकू येतं ते जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत. सीडी ४४.१ वर चालते, व्हिडिओचं काम ४८ वर. ४८ पुरे. बिटचं मात्र वेगळं. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मिळतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. प्रत्यक्षात कुठलीही मशीन १४४ देत नाही, पण २४ बिटवर तुम्ही गेन जरा कमी ठेवून निवांत रेकॉर्ड करू शकता. कीर्तनकार अचानक वरच्या पट्टीत गेले तरी आवाज फाटत नाही. यूएम२ हा १६ बिटवालाच आहे. शिकायला ठीक, पण गिऱ्हाइकाच्या कामाला मी २४ बिटच घेईन. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकची एका तासाची फाइल साधारण ५२० एमबी होते, म्हणजे हार्ड डिस्कलाही जड नाही.

आवाज उशिरा येतो त्याचं काय?

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून आला की ताल सुटलाच समजा. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची सेटिंग असते. ४८ किलोहर्ट्झवर बफर १२८ ठेवला तर त्याचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांचा, १०२४ ठेवला तर २१ मिलिसेकंदांचा, आणि येण्या-जाण्यात तो आणखी वाढतो. रेकॉर्ड करताना बफर कमी, नंतर मिक्सिंगला जास्त. लॅपटॉप जुना असेल आणि कमी बफरवर आवाज तुटत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाबा, मग आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो. विंडोजवाल्यांनी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का तेही बघावं. सगळ्यात स्वस्त मशीनमध्ये बऱ्याचदा तो नसतो आणि दुसरा फुकटचा ड्रायव्हर टाकून भागवावं लागतं. चालतं, पण त्रास देतं.

सॉफ्टवेअरला पैसे घालवू नका. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि छोट्या धंद्यासाठी त्याचं लायसन्सही स्वस्त आहे. चोरीचं सॉफ्टवेअर मात्र धंद्याच्या लॅपटॉपवर नको.

खोली, कूलर आणि अर्थिंग

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. तुमचा इंटरफेस पाच हजारांचा आहे की वीस हजारांचा, हे तुमच्या गिऱ्हाइकाला ऐकू येणार नाही. खोली ऐकू येते. फरशी, रिकाम्या भिंती, वर पत्रा, अशा खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमणारा आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. त्या मुलाच्या यादीतला फोम मी आधी खोडला. खाली सतरंजी, गायकाच्या मागे दोरीवर दोन जाड गोधड्या, बाजूला कपड्यांचं उघडं कपाट. आजीच्या गोधड्या फोमपेक्षा जास्त काम करतात, कारण त्या जाड असतात.

सैराटच्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी ऑर्केस्ट्रा अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला, आणि २०२० मध्ये ग्रॅमी मिळवणारा बिली आयलिशचा अल्बम घरातल्या तिच्या भावाच्या बेडरूममध्ये झाला. दोन्ही खरं आहे. ऑर्केस्ट्राला तेवढी मोठी जागा लागतेच, एका आवाजाला शांत खोली लागते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर चालू असताना रेकॉर्डिंग होत नाही. मी पहाटे पाच ते सात बसतो. तेव्हा रस्त्याचा आवाजही नसतो.

आणि अर्थिंग. हेडफोनमध्ये सतत गुणगुण येते, लॅपटॉपला हात लावला की कमी होते, अशी तक्रार घेऊन दोन जण माझ्याकडे इंटरफेस बदलायला निघाले होते. इंटरफेस ठीक होता. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, गुणगुण गेली. जुन्या घरात अर्थिंगची वायर बऱ्याचदा नावालाच असते. वायरमनला दाखवून नीट करून घ्या, तोपर्यंत रेकॉर्डिंग बॅटरीवर करा.

पेटीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. गाणारा आणि पेटी एकाच जागी, त्यामुळे आवाजाच्या माइकमध्ये पेटी शिरते. समोरचंच ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड माइक घ्या. तो तोंडाच्या जरा खाली, तोंडाकडे वर बघणारा लावा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे जाते. पेटीचा माइक भात्यापासून लांब, एक-दीड फुटावर ठेवा, नाहीतर हवेचा फसफस आवाज जास्त येतो. आणि बाजारात नावाजलेल्या माइकचे, विशेषतः शूअर एसएम५८ चे, हुबेहूब नकली माल आहेत. भाव फारच कमी दिसला की समजून जा. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

मग तबल्याचं काय? दोन माइकच्या मशीनवर तबला नंतर रेकॉर्ड करता येतो. आधी हेडफोनमध्ये तबला ॲपचा ठेका लावून गाणं आणि पेटी घ्यायची, मग काकांना ते ऐकवून खरा तबला त्यावर वाजवून घ्यायचा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर ॲपचा ठेकाही माइकमध्ये येतो. भजनात एकत्र बसण्याची जी मजा असते ती यात थोडी जाते, हे मान्य. ज्या महिन्यात सगळ्यांना एकत्रच बसायचं असेल त्या दिवशी स्टुडिओ तासावर भाड्याने घ्या.

पैशाचं गणित

त्या मुलाची यादी आम्ही दुकानातच पुन्हा लिहिली. दोन माइकचा इंटरफेस, दोन माइक, एक बंद हेडफोन, स्टँड, वायरी. बेरीज २३,००० च्या आत. एका छोट्या कामाचे, खर्च वजा जाता, त्याच्या हातात ६०० रुपये उरतात. २३,००० फिटायला ३९ कामं. ५२,००० फिटायला ८७. महिन्याला चार कामं धरली तर पहिलं दहा महिन्यांत, दुसरं जवळपास बावीस महिन्यांत, आणि त्यावर गटाचं व्याज वेगळं. हप्ता आईच्या नावावर जाणार होता, हे इथे विसरू नका. बचत गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या बायकांच्या पुढच्या कर्जावर येतं.

बँकेकडे जायचं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे त्याची जुनी यादी त्यातही बसत नव्हती. आणि बिलात जीएसटी असतो. सेवा देणाऱ्या छोट्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही, म्हणून भाव विचारताना करासकट विचारा. वॉरंटीसाठी बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या.

घ्यायच्या दिवशी स्वतःचा लॅपटॉप सोबत न्या. माइक लावा, गेन पाऊण फिरवा, आणि काही न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. नुसता सूऽऽ आवाज मोठा येत असेल तर दुसरी मशीन मागा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

परवा तो मुलगा पुन्हा आला होता. अकरा कामं झालीत, त्यातली सहा रिक्षाच्या जाहिरातींची, जी त्याला अजिबात आवडत नाहीत. तबलेवाले काका हेडफोन लावून वाजवायला अजून तयार नाहीत, म्हणून चार माइकच्या मशीनचा भाव विचारत होता. मी म्हटलं, अजून अठ्ठावीस राहिलीत ना?