आदिवासी व बिगर-आदिवासी कलावंतांचे सहकार्य आणि समेटाचा प्रश्न : वारली चित्रकलेच्या संदर्भात

प्रस्तावना :
कॅनडातील सत्य व समेट आयोगाने (२००८-२०१५) आदिवासी मुलांना सक्तीने निवासी शाळांत घालण्याच्या इतिहासाची चौकशी केली व शेवटी ९४ आवाहने केली. त्यांतील ८३ वे आवाहन कलाक्षेत्राविषयी आहे. आदिवासी व बिगर-आदिवासी कलावंतांनी एकत्र काम करून समेटाला हातभार लागेल अशा कलाकृती निर्माण कराव्यात आणि कॅनडाच्या कला परिषदेने अशा उपक्रमांना अर्थसाहाय्यात अग्रक्रम द्यावा, असे त्यात सुचविले आहे. भारतात असा आयोग नेमला गेला नाही. तथापि पालघर जिल्ह्यात हे दोन समाज कलेच्या निमित्ताने गेली पन्नास वर्षे एकत्र येत आहेत. या सहकार्याला समेट केव्हा म्हणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवाहाचा चौक आणि विवाहाचे कर्ज :
वारली चित्राचे मूळ स्थान म्हणजे लग्नघराची भिंत. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. हा चौक झाल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजेच ही कला मुळात स्त्रियांची, सामूहिक आणि विधीशी बांधलेली आहे.

याच लग्नाची दुसरी बाजू मात्र चित्रात दिसत नाही. लग्नखर्चासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घेई व त्याच्या फेडीसाठी पती-पत्नी दोघेही त्याच्या घरी राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. हे कर्ज बहुधा फिटत नसे. मे १९४५ मध्ये झरी येथील सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा लढा नोंदविला आहे. ज्या लग्नाने चौक दिला, त्याच लग्नाने वेठही दिली. एवढे ध्यानी घेतले म्हणजे केवळ चौकाचे कौतुक करून समेट का होत नाही, हे स्पष्ट होते.

कागदावरचे चित्र :
१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात आले. तत्पूर्वी त्यांनी बिहारमधील मिथिला भागात तेथील स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास प्रवृत्त केले होते. डहाणूच्या पाड्यांतही त्यांनी कागद व रंग पुरविले. तेथे त्यांना जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) हा कलावंत भेटला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मशे यांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री लाभली.

या भेटीचे श्रेय मोठे आहे. कुलकर्णी यांनी वारली कलावंताची शैली बदलली नाही, त्याचे नाव चित्राशी जोडले. आदिवासी कला म्हणजे अनामिक कला, ही समजूत त्यामुळे ढळली. परंतु चित्र भिंतीवरून कागदावर येताच ते विक्रीयोग्य झाले आणि स्वाक्षरी प्रामुख्याने पुरुषांची राहिली. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे या इतिहासात क्वचितच आढळतात. चांगल्या हेतूने झालेल्या सहकार्यातही कोणाचा तरी वाटा मागे राहू शकतो, हा यातील धडा होय.

शेजारी असणे आणि सोबत असणे :
१९८९ मध्ये पॅरिस येथे ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे प्रदर्शन भरले. मशे यांचा त्यात सहभाग होता. तेथे ऑस्ट्रेलियातील युएंडुमू येथील आदिवासींनी जमिनीवर चित्र रचले होते. त्याच्या मागील भिंतीवर ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे मातीचे भव्य वर्तुळ होते. वर्तुळाने जमिनीवरील चित्रावर छाया टाकली, अशी टीका झाली. पुढे २००३ मध्ये लाँग मशे यांच्या गावी आले व तेथील भूमीवर त्यांनी काम केले. दोघांची चित्रे व रचना त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ येथे आणि २००४ मध्ये मिलान येथे एकत्र प्रदर्शित झाल्या. पॅरिसमध्ये मांडणी दोन कलाकृतींची होती, तर २००३ मध्ये एक कलावंत दुसऱ्याच्या दारी पाहुणा म्हणून गेला. तरीही प्रदर्शनाची जागा व प्रेक्षक युरोपातीलच होते.

याहून वेगळे उदाहरण बस्तरमधील कोंडागावचे आहे. मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथील शांतीबाई, राजकुमार कोराम आदी कलावंतांसमवेत काम करीत आल्या. त्यांनी हातपंपांभोवती ‘नळपार’ बांधले. पाणी भरणाऱ्या स्त्रियांना घडा उचलताना कमीत कमी वाकावे लागेल अशी त्यांची रचना आहे. येथे प्रेक्षक म्हणजे गावच होते आणि काय करावयाचे हेही गावाच्या गरजेवरून ठरले.

वसई-विरार आणि महाविद्यालये :
२०१४ मध्ये स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात आदिवासींची लोकसंख्या एक तृतीयांशाहून अधिक आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकास वसई-विरारचे दाट नागरीकरण असून पूर्वेकडील डोंगरपायथ्याशी आदिवासी पाडे आहेत. शहरी सोसायट्यांच्या भिंती, निमंत्रणपत्रिका व स्नेहसंमेलनांची व्यासपीठे यांवर वारली आकृत्या सर्रास दिसतात, पण त्या काढणारा हात बहुधा वारली नसतो. वस्तूंच्या भौगोलिक उपदर्शनांविषयीच्या १९९९ च्या कायद्याखाली वारली चित्रकलेची नोंद झाली आहे. त्यामुळे ‘वारली’ या नावाच्या व्यापारी वापरावर मर्यादा येते. परंतु नोंदणीने कलावंतास मेहनताना मिळेलच असे नाही आणि निर्णयात स्थान तर नाहीच.

येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. भिंतीचित्राचा उपक्रम घेताना तीन प्रश्न विचारता येतील. चित्राखाली कोणाचे नाव राहणार? मानधन कोणास व किती मिळणार? विषय व जागा कोण ठरविणार? जिल्ह्यातील वारली विद्यार्थी याच वर्गांत बसतात. सुवासिनी म्हणून चौक लिहिलेली एखादी आई वा आजी मानधनावर मार्गदर्शक म्हणून आली, तर विद्यार्थ्याला आपल्या घरचे ज्ञान प्रतिष्ठित असल्याचे प्रत्यक्ष दिसेल.

निष्कर्ष :
एकत्र चित्र काढणे ही समेटाची सुरुवात असू शकते, पूर्तता नव्हे. बिगर-आदिवासी कलावंत किंवा संस्था नाव, मोबदला व निर्णय यांतील आपला अधिकार ज्या प्रमाणात वाटून घेते, त्या प्रमाणातच सहकार्याला समेटाचा अर्थ प्राप्त होतो. लग्नगड्यांचा इतिहास आणि लग्नाचा चौक हे एकाच वर्गात, एकाच तासाला शिकविले गेले, तर त्या दिशेने पहिले पाऊल पडेल.