जुन्या यंत्रास चौथा अक्ष

शाळेंत भूगोलाच्या तासाला आम्हां शिक्षकांपाशीं दोन साधनें असत. एक भिंतीवरचा नकाशा आणि दुसरा टेबलावरचा पृथ्वीगोल. नकाशावर एखादें शहर दाखवावयाचें म्हणजे हातांतली छडी डावीउजवीकडे व वरखालीं न्यावी लागे. गोलावर मात्र छडी एका जागीं धरून गोलच फिरविला, कीं एकामागून एक देश तिच्या टोकाखालीं येत. श्रोतेहो, आज ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें आहे त्याचें सारें मर्म ह्या दोन साधनांमधील फरकांत आहे. नकाशाच्या रीतीनें काम करणाऱ्या जुन्या यंत्रास पृथ्वीगोलाची सोय कशी जोडतां येते आणि ती जोडतांना काय काय सांभाळावें लागतें, तें सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. लेथमध्यें जॉब फिरतो आणि हत्यार त्यास येऊन भिडतें. मिलिंग यंत्रांत ह्याच्या उलट प्रकार असतो. तेथें दातेरी कटर गरगर फिरतो आणि टेबलावर घट्ट आवळलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. सरकण्याच्या दिशा तीन. डावीउजवीकडची ती एक्स, पुढचीमागची ती वाय आणि वरखालची ती झेड. पूर्वीं कारागीर हातचाकें फिरवून हें काम करीत असे. सी. एन. सी. यंत्रांत प्रत्येक दिशेस एकेक मोटर दिलेली असते आणि आंकड्यांनीं लिहिलेल्या आज्ञा वाचून नियंत्रक त्या मोटरी चालवितो. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळणदार आकार अचूक कसे मापावे व कोरावे, ह्या विवंचनेंतून अमेरिकेंतील जॉन पार्सन्स यांना आंकड्यांनीं यंत्र चालविण्याची कल्पना सुचली. पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत असें यंत्र सिद्ध झालें व १९५२ सालीं तें लोकांस दाखविण्यांत आलें. तें तीन अक्षांचें होतें आणि त्याच्या आज्ञा कागदी पट्टीवर भोंकें पाडून लिहिलेल्या असत.

तीन दिशांनीं पुष्कळ कामें होतात. परंतु तीं बहुतेक वरून दिसणाऱ्या एकाच बाजूचीं. गोल वस्तूच्या सभोंवार काम करावयाचें झालें म्हणजे अडचण येते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लहानसा कारखाना आहे. एक लेथ, वीस वर्षें वापरलेलें एक तीन अक्षांचें सी. एन. सी. यंत्र, तो स्वतः आणि दोन कामगार, एवढाच त्याचा पसारा. त्याला ८० मिलिमीटर व्यासाच्या बुशांचें काम मिळालें. प्रत्येक बुशाच्या परिघावर सहा छिद्रें, एकमेकांपासून बरोबर ६० अंशांवर, पाडावयाचीं होतीं. एक छिद्र पाडावें, पकड सैल करावी, खुणेवर नजर ठेवून बुश फिरवावा, पुन्हां आवळावा, अशी त्यांची रीत. जागेंत पाव दशांश मिलिमीटरचीहि चूक चालणार नव्हती. पहिल्या खेपेचे निम्म्याहून अधिक नग परत आले, आणि पुढच्या खेपेंत असेंच झालें तर काम दुसरीकडे जाईल असें त्याला बजावण्यांत आलें. तो मला म्हणाला, "सर, माझा माणूस चुकत नाहीं हो. पण सहा वेळां आवळतां आवळतां जॉब थोडासा हलतोच." नवें चार अक्षांचें यंत्र घेणें त्याच्या आवांक्यांत नव्हतें, जुन्याचेंच कर्ज नुकतें फिटत आलेलें. तेव्हां आहे त्या यंत्रास चौथा अक्ष जोडावा असें त्यानें ठरविलें.

त्याच्या म्हणण्यांत किती तथ्य होतें तें शाळेंतल्या गणितानें पाहूं. वर्तुळाची त्रिज्या ४० मिलिमीटर असली तर एका अंशाचा कंस सुमारें ०.७ मिलिमीटर भरतो. म्हणजे हातानें फिरवितांना अंशाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी छिद्र ०.०७ मिलिमीटरनें सरकलें. माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो. अंशाचा दहावा हिस्सा डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु तपासनिसाच्या मापाला तो दिसतो.

चौथा अक्ष म्हणजे टेबलावर बसविण्याचें एक फिरतें चाक. त्याच्या तोंडावर चक असतो व त्यांत जॉब धरतात. एक्स दिशेभोंवतीं फिरणाऱ्या अक्षास ए, वायभोंवतीं फिरणाऱ्यास बी आणि झेडभोंवतीं फिरणाऱ्यास सी म्हणण्याचा संकेत आहे. ही कल्पना मुळांत नवी नाहीं. जुन्या कारखान्यांतून डिव्हायडिंग हेड असे व आजहि असतें. त्याचा दांडा चाळीस वेळां फिरविला म्हणजे जॉब एकदां फिरतो. सहा भाग पाडावयाचे तर चाळिसास सहानें भागावें. उत्तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणून सहा पूर्ण फेरे द्यावयाचे आणि १८ भोंकांच्या कड्यावर आणखी १२ घरें पुढें जावयाचें. अपूर्णांक कशासाठीं शिकावयाचे, असें विचारणाऱ्या मुलांना मीं हें उदाहरण कितीदां तरी सांगितलें आहे. चौथ्या अक्षांत हेंच काम माणसाच्या हाताऐवजीं मोटर करते.

आंत काय असतें? एक मळसूत्री दांडा, ज्यास वर्म म्हणतात, आणि त्यांत गुंतलेलें एक दंतचक्र. वर्म नव्वद वेळां फिरला म्हणजे चक्र एकदां फिरावें असें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं ठेवतात. मोटर एका फेऱ्यांत २०० पावलें टाकणारी असेल, तर चक्राच्या एका फेऱ्यास १८,००० पावलें झालीं. एक पाऊल म्हणजे ०.०२ अंश, आपल्या बुशाच्या परिघावर सुमारें ०.०१४ मिलिमीटर. कागदावर तरी चिंता मिटली.

प्रत्यक्षांत मात्र दोन शत्रु उरतात. पहिला बॅकलॅश. वर्म व चक्र यांच्या दांत्यांमध्यें किंचित् पोकळी असतेच. त्यामुळें दिशा बदलतांना मोटर थोडी फिरते पण जॉब जागचा हलत नाहीं. ही पोकळी तीन कलांची, म्हणजे अंशाच्या विसाव्या हिश्शाएवढी असली, तरी बुशाच्या परिघावर ०.०३५ मिलिमीटरचा फरक पडतो. त्यास उपाय असा, कीं प्रत्येक जागीं एकाच दिशेनें येऊन थांबावें. दुसरा शत्रु म्हणजे कटरचा जोर. चाकाच्या मध्यापासून दूर कटर भिडला कीं तो जॉबला फिरवूं पाहतो. म्हणून चांगल्या रोटरी टेबलास ब्रेक असतो. फिरणें संपलें कीं ब्रेक आवळला जातो, मग कापणें सुरू होतें, आणि पुन्हां फिरण्यापूर्वीं तो सुटतो.

आतां जुन्या यंत्राचा प्रश्न. हें चाक नियंत्रकाच्या हुकुमांत कसें आणावें? त्यास तीन मार्ग आहेत. पहिला, मूळ नियंत्रकांतच चौथा अक्ष जोडणें. कित्येक जुन्या नियंत्रकांत त्याची जागा राखून ठेवलेली असते. परंतु मोटरीस वीज पुरविणारें प्रवर्धक, तारा व अंतर्गत आंकड्यांची मांडणी हीं सारीं मागाहून मिळवावीं लागतात, आणि जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळणें दुर्घट होऊन बसतें. दुसरा मार्ग, सबंध नियंत्रकच बदलणें. लिनक्ससीएनसी नांवाची प्रणाली विनामूल्य मिळते व ती नऊ अक्षांपर्यंत चालवूं शकते. तिचें मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेंतील कामांत आहे. मात्र हें काम जाणत्याचें आहे आणि तें होईपर्यंत यंत्र बंद राहतें.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा. चौथ्या अक्षाला त्याचा स्वतःचा लहान नियंत्रक द्यावयाचा आणि दोघांमध्यें फक्त दोन निरोपांची देवघेव ठेवावयाची. मोठें यंत्र आपलें छिद्र पाडून कटर वर घेतें व एका विशेष आज्ञेनें निरोप धाडतें, "फीर." लहान नियंत्रक ६० अंश फिरवितो, ब्रेक आवळतो आणि उलट निरोप देतो, "झालें." तोंवर मोठें यंत्र थांबून राहतें. अमेरिकेंत जीन हास यांनीं १९८३ सालीं आपल्या धंद्याचा आरंभ केला तो पुरें मिलिंग यंत्र करून नव्हे, तर अशाच एका आज्ञेबरहुकूम फिरणाऱ्या कॉलेट इंडेक्सरनें. यावरून ह्या साध्या युक्तीची गरज किती होती तें दिसतें.

माझ्या विद्यार्थ्यानें हाच मार्ग घेतला, आणि पहिल्याच दिवशीं त्याचा ड्रिल मोडला. झालें तें असें. "झालें" हा निरोप यंत्रास पोंचतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें त्या दोन टोकांमध्यें एक तारेचा तुकडा जोडला होता. यंत्र पुढें सरकलें, तपासणी झाली, आणि तुकडा काढावयाचा राहून गेला. त्यामुळें यंत्रानें "फीर" म्हणतांच त्यास "झालें" असें उत्तर मिळे. जॉब अद्यापि फिरतच होता आणि ड्रिल खालीं आला. नशीब एवढेंच, कीं कोणाचा हात जवळ नव्हता. म्हणून ही जोडणी करणारानें पहिली परीक्षा हत्यार न लावतां, जॉबपासून उंचावरच घ्यावी. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. काम मध्येंच थांबवावें लागलें तर दोन्ही नियंत्रकांस आपापल्या आरंभस्थानीं आणल्यावांचून पुन्हां सुरुवात करूं नये. एरवीं एक तिसऱ्या छिद्राशीं व दुसरा चौथ्याशीं, अशी चुकामूक होते.

यानंतर येतें बसविणें, आणि येथें यंत्राला नव्हे तर माणसाला महत्त्व आहे. चाकाचा आंस एक्स दिशेशीं समांतर पाहिजे. त्यासाठीं चकांत एक सरळ दांडा धरून त्यावर डायलची सुई टेकवावी व टेबल सरकवीत जावें. सुई वरून व बाजूनेंहि हलतां कामा नये. मग वायची शून्यखूण आंसाच्या नेमकी वर आणावी. ती ०.०५ मिलिमीटरनें चुकली, तर वरून पाडलेलें छिद्र आणि जॉब अर्धा फिरवून समोरून पाडलेलें छिद्र यांत ०.१ मिलिमीटरची फारकत पडते. चूक दुप्पट होऊन दिसते, आणि तेंच उपयोगी आहे. एक टाकाऊ तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनीं छिद्र पाडावें, फरक मोजावा आणि त्याच्या निम्म्यानें खूण हलवावी.

येथवर सांगितलें तें थांबून फिरण्याचें. परंतु दांड्यावर नागमोडी खांच कोरावयाची असेल, तर जॉब फिरत असतांनाच टेबलहि सरकलें पाहिजे. हें काम दोन निरोपांच्या जोडणीनें होत नाहीं. त्यास चारी अक्ष एकाच नियंत्रकाच्या ताब्यांत लागतात. त्यांतहि एक खांचखळगा आहे. फिरण्याची गति अंशांत मोजतात. पण तीच गति ४० मिलिमीटर त्रिज्येवर असेल तर कटर ४ मिलिमीटर त्रिज्येपेक्षां दसपट वेगानें धातु कापतो. हा हिशेब जुने नियंत्रक स्वतः करीत नाहींत, लिहिणारानें करावा लागतो.

आणि शेवटचा विचार खर्चापूर्वींचा. चाक व चक यांनीं टेबलावरची उंची बरीच व्यापली जाते; कटरला वर जागा उरते कीं नाहीं, तें आधीं मोजून पाहावें. टेबलास तेवढें वजन सोसतें कीं नाहीं, तेंहि पाहावें. मूळ तीन अक्षांचे स्क्रू झिजलेले असतील, तर चौथा अक्ष त्यांची झीज भरून काढीत नाहीं. उलट ती अधिक उघडी पाडतो.

माझ्या विद्यार्थ्याचें यंत्र झिजलेलें नव्हतें. दुसऱ्या खेपेचे बुश एकदांच आवळून सहा छिद्रांसह तयार झाले व ते परत आले नाहींत. मला कुतूहल होतें तें त्या कामगाराचें, जो इतके दिवस खुणेवर नजर ठेवून बुश फिरवीत असे. मीं चौकशी केली. डायल लावून आंस सरळ करण्याचें काम आतां त्याच्याकडेच आहे. सुईची अर्ध्या घराची हालचालहि त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं, असें मालकाचें म्हणणें. ती नजर कमवावयास त्यास पंधरा वर्षें लागलीं होतीं, आणि तीं फुकट गेलीं नाहींत ह्याचें मला समाधान वाटलें.