करवंदाची वई

कुत्रं कुंपणावरून क्वचितच येतं. ते खालून येतं. हे मला कळलं ते आमच्या परसातल्या कोयनेलमुळे. सहा फूट उंच आणि इतकी गच्च, की रस्त्यावरून जाणाऱ्याला अंगणातली बाज दिसायची नाही. पण वाकून पाहिलं तर गुडघ्याखाली नुसते सोट. त्यांच्यामधून वाडीतली कुत्री आरामात आत शिरायची आणि हळदीचे वाफे उकरून त्यात पसरायची. उन्हाळ्यात त्यांना गार माती हवी असते, त्यांच्यावर काय रागवायचं? गडग्यावर काचा लावा, काटेरी तार ओढा, असे सल्ले मिळाले. मला जनावर रक्तबंबाळ करणारं काही नको होतं. म्हणून जुन्या वईकडे वळलो.

आपल्या देशात वईचं सर्वांत अचाट काम झालं ते मिठाच्या करासाठी. इंग्रजांनी सिंधू नदीपासून मध्य हिंदुस्थानातून, बुऱ्हाणपुरावरून, ओरिसापर्यंत जकातीची रेषा आखली होती. १८६७ ते १८७० या काळात तिचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. या रेषेवरची सुक्या काट्यांची वई वाळवी खायची, आगीत जळायची, वादळात उडायची. ह्यूमनी जिवंत वईचा ध्यास घेतला. जशी माती तसं झाड: बाभूळ, करवंद, थोर, निवडुंग. माती नापीक तिथे चर खणून चांगली माती भरली. पाणी चढे तिथे बांध घालून त्यावर रोपं लावली. चांगल्या भागात ही वई दहा-बारा फूट उंच झाली. गरिबाच्या मिठावर पहारा ठेवणाऱ्या त्या वईचं कौतुक करताना जीभ अडखळते, पण तिच्यामागचं मातीचं ज्ञान खरं होतं. १८७९ मध्ये रेषा रद्द झाली आणि वई अशी विस्मरणात गेली, की शतकभराने रॉय मॉक्सॅम या इंग्रज लेखकाला तिचे अवशेष शोधत हिंडावं लागलं.

त्या यादीतला फड्या निवडुंग मी वगळला. तो मूळचा अमेरिकेतला. शेताच्या कडेला लावला आणि शेतातच घुसला. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या एका किड्याने दक्षिण भारतात त्याला आवर घातला. शेराचा चीक डोळ्यांना घातक, कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. जिथे पोरं आणि जनावरं वावरतात तिथे दोन्ही नकोत.

राहिलं करवंद. जांभ्याच्या कातळावर आपसूक वाढणारं, बारमाही हिरवं, चिकामुळे गुरांना नावडतं, आणि काटे जोडीजोडीने. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून पिकलेल्या फळांतलं काढून लगेच पेरलं. पुढच्या पावसाळ्यात रोपं दोन ओळींत, दीड-दीड फुटावर लावली. मागच्या ओळीतलं रोप पुढच्या दोघांच्या मधोमध येईल अशी. पोटरीइतकी झाल्यावर शेंडे खुडले. हे करताना हात धजावत नाही. झाड वर चाललंय आणि आपण ते छाटतोय! पण तिथेच चुकलेल्या वईचा तळ कायमचा उघडा पडतो. शेंडा गेला की झाड बाजूने फुटतं. छाटणीही वर अरुंद, खाली रुंद अशी करायची, म्हणजे तळाच्या पानांना ऊन मिळतं. कोयनेलचं आमच्याकडून उलटं झालं होतं.

दोन वर्षं आतून तारेची जाळी ठेवली, खालचा काठ वीतभर मातीत गाडून, कारण कुत्री उकरतात. आता जाळी फांद्यांत कुठे हरवली ते शोधूनही सापडत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण सरडा तिथेच राहतो हे रोज पाहिल्यावर समजतं. शिंपी पक्ष्याचं पानं शिवलेलं घरटंही यंदा तिथेच सापडलं.

वईच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला, हातभर माती मी मुद्दाम भुसभुशीत ठेवली आहे. दुपारी तिथे सावली पडते. वाडीतलं तांबडं कुत्रं तिथे पाय ताणून झोपलेलं असतं.