शाळेच्या फाटकातली गाडी आणि गाडीतली बंदूक



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले की आपल्या गप्पा लेकराबाळांवर येतात. आता खेड्यापाड्यांतली मुलंमुलीही शिकायला, नोकरीला अमेरिकेत गेली आहेत. कुणाची सून तिकडे बाळंत होते, कुणाचा नातू तिकडच्या शाळेत जातो, आणि आजी काही महिने त्याला सांभाळायला विमानात बसते. तिकडच्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी मोबाईलवर आली की जीव खालीवर होतो. मग प्रश्न निघतो, “तिकडे म्हणे लोक गाडीत बंदूक ठेवून पोराला शाळेत सोडायला येतात. कायद्याला हे चालतं तरी कसं?”

आजच्या भागात याच प्रश्नाचं उत्तर समजून घेऊ. थोडक्यात सांगायचं तर काही वेळा चालतं, काही वेळा तो गुन्हा होतो. ते चार गोष्टींवर ठरतं. गाडी कुठे उभी आहे? बंदुकीत गोळी भरलेली आहे का? बंदूक कुलपात आहे का? आणि ती बाळगणारा माणूस कोण आहे? हे चार प्रश्न बोटांवर मोजून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

आपल्याकडे परवाना, तिकडे हक्क

आधी आपल्या घरचं बघू. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही. साधारणपणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. २०१९ साली कायदा बदलला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. कोकणात रानडुकरं, माकडं पिकाची नासाडी करतात म्हणून शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने दिलेले आहेत. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, हे काही जणींनी आपल्या घरीच पाहिलं असेल. म्हणजे आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी आहे. सरकार ती काढूनही घेऊ शकतं.

अमेरिकेत पायाच वेगळा आहे. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगणं हा लोकांचा हक्क म्हणून लिहिला गेला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा एकेका माणसाचा हक्क आहे. त्याच न्यायालयाने हेही म्हटलं, की हा हक्क अमर्याद नाही आणि शाळेसारख्या जागी बंदूक नेण्यावर बंदी घालता येते. आता ही बंदी कशी आहे ते पाहू.

शाळेभोवतीचं एक हजार फुटांचं रिंगण

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी त्याचा काही संबंध नाही. या संसदेने १९९० साली शाळेचा परिसर बंदूकमुक्त ठेवण्याचा कायदा केला. शाळेच्या आवारात आणि आवाराच्या हद्दीपासून एक हजार फुटांच्या आत, म्हणजे सुमारे तीनशे मीटरच्या आत, बंदूक बाळगणं गुन्हा ठरला.

पुढे १९९२ साली टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात बारावीचा एक मुलगा पिस्तूल आणि पाच गोळ्या घेऊन शाळेत आला. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला, की असा कायदा करायचा अधिकार केंद्राला नव्हता. केंद्राला राज्याराज्यांमधल्या व्यापारावर कायदा करता येतो, पण शाळेत बंदूक बाळगणं हा व्यापार कसा, असा मुद्दा होता. संसदेने १९९६ साली कायदा दुरुस्त केला. जी बंदूक राज्याराज्यांमधल्या व्यापारातून आलेली आहे किंवा त्या व्यापारावर जिचा परिणाम होतो, तिलाच तो लागू होईल, असे शब्द घातले. तिथल्या बहुतेक बंदुका अशाच येतात, म्हणून कायदा आजही चालू आहे. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा बारावीपर्यंतच्या शाळांसाठी आहे, कॉलेजसाठी नाही.

आता गाडीचं काय? कायद्यात काही सवलती आहेत. गाडीशी संबंधित तीन लक्षात ठेवा.

पहिली, बंदुकीत गोळी भरलेली नसेल आणि ती कुलूपबंद पेटीत किंवा गाडीला बसवलेल्या कुलपाच्या रॅकमध्ये असेल, तर केंद्राच्या या कायद्याने तो गुन्हा होत नाही. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या. गोळी काढली पण बंदूक सीटखाली सरकवली, तर सवलत नाही. पेटीला कुलूप लावलं पण आत गोळी भरलेली, तरीही नाही.

दुसरी, शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने माणसाची रीतसर तपासणी करून परवाना दिला असेल, तर त्याला सवलत मिळते. एका राज्याचा परवाना घेऊन दुसऱ्या राज्यातल्या शाळेजवळ गेलं तर या कलमाचा उपयोग होत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. पण ज्याने परवानाच काढलेला नाही, त्याला केंद्राच्या कायद्यातली ही दुसरी सवलत मिळत नाही. राज्याने मोकळीक दिली म्हणून केंद्राचा कायदा सुटत नाही.

तिसरी, रिंगणाच्या आत कुणाचं राहतं घर असेल तर त्या खासगी जागेत हा कायदा लागू होत नाही. शाळेसमोर घर असलेल्या माणसाने बंदूक घरात ठेवली तर चालतं. तीच बंदूक त्याने गाडीत घालून रस्त्यावर आणली की वरचे नियम लागू झाले.

राज्य बदललं की नियम बदलला

केंद्राच्या कायद्याखेरीज प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा आहे. मराठी माणसं बऱ्याच संख्येने राहतात अशी तीन राज्यं बघू.

न्यू जर्सी सगळ्यात कडक आहे. तिथे शाळेच्या किंवा कॉलेजच्या इमारतीत वा आवाराच्या कुठल्याही भागात, संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय जाणूनबुजून बंदूक नेणं गुन्हा आहे. खिशात परवाना असला तरी गुन्हाच. आवारात पार्किंगही येतं.

कॅलिफोर्नियात १९९५ पासून राज्याचा स्वतःचा कायदा आहे आणि त्यातही एक हजार फुटांचं रिंगण आहे. पिस्तुलात गोळी नसेल आणि ते कुलूपबंद पेटीत किंवा गाडीच्या कुलूपबंद डिकीत असेल, तर सवलत मिळते.

टेक्सासमध्ये शाळेच्या इमारतीत, शाळेच्या बसमध्ये आणि शाळेचा कार्यक्रम चालू असेल त्या मैदानात बंदी आहे. पण तिथल्या कायद्यात शाळेची ‘जागा’ म्हणजे इमारत. एरवी पार्किंग त्यात धरत नाहीत. उलट, २०१७ च्या कायद्यानुसार परवाना असलेल्या शिक्षकाने किंवा कर्मचाऱ्याने आपलं पिस्तूल पार्किंगमधल्या कुलूप लावलेल्या गाडीत, बाहेरून दिसणार नाही असं ठेवलं, तर शाळेला त्याला अडवता येत नाही.

म्हणजे तीच गाडी, तीच बंदूक, तेच कुलूप, आणि तीन राज्यांत तीन उत्तरं. म्हणून नातेवाईक किंवा ओळखीचं कुणी “आमच्याकडे चालतं” म्हणालं, तर आधी “कुठल्या राज्यात?” हे विचारायचं.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा नियम आहे. १९९४ च्या केंद्राच्या कायद्याने, शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान एक वर्ष शाळेतून काढायचं असं ठरलं. प्रत्येक मुलाची परिस्थिती पाहून शिक्षण अधिकारी ते लेखी कमी करू शकतात. शिकारीच्या हंगामात काही गावांत मोठ्या वर्गातली मुलं पहाटे शिकार करून तशीच शाळेत येतात, बंदूक गाडीतच असते. कुलूप लावलेल्या गाडीत कायदेशीर रीतीने ठेवलेली बंदूक या एक वर्षाच्या नियमातून वगळलेली आहे. पण राज्याचा किंवा शाळेचा नियम आणखी कडक असू शकतो.

व्हिसावर गेलेल्यांनी हे ऐकाच

चौथा प्रश्न होता, बाळगणारा कोण? आपल्या लोकांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पर्यटक व्हिसावर गेलेले आईवडील, विद्यार्थी व्हिसावरची मुलं, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे जावई आणि सुना, या सगळ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांसारखे मोजके अपवाद आहेत. बाकीच्यांना कुलूपही वाचवत नाही आणि पेटीही वाचवत नाही. तिकडे दुकानात बंदूक मांडलेली दिसते म्हणून आपण ती घ्यावी असं नाही. गुन्हा तर होतोच, व्हिसाही जाऊ शकतो. तुमचं मूल तिकडे असेल तर हे एवढं त्याला नक्की सांगा.

कायदा फाटकाशी थांबतो, धोका घरापासून सुरू होतो

मैत्रिणींनो, नियम ऐकताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सवलत मागायची तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कुलूप लागतं. आपण कपाशीवर फवारायचं औषध कुठे ठेवतो? पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात. स्वयंपाकघराच्या फळीवर कुणी ठेवत नाही. बंदुकीचं तसंच आहे. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना हेच सांगते. घरात बंदूक असेल तर गोळी काढलेली असावी, बंदूक कुलपात असावी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात असाव्यात. हे सांगायची वेळ का आली? २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदुकीची गोळी हे झालं आहे. गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेली बंदूक तर लहान मुलाच्या हाताच्या अंतरावर असते, आणि गाडी फोडून चोरणाऱ्याच्याही.

आईबापाची जबाबदारी कुठवर जाते, ते मिशिगन राज्यातल्या एका खटल्याने दाखवलं. ऑक्सफर्ड या गावातल्या हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी मुलाच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं म्हणून शाळेने आईवडिलांना बोलावलं. ते आले, पण मुलाला घरी नेलं नाही. पिस्तूल त्याच्या दप्तरात होतं आणि कुणी दप्तर उघडून पाहिलं नाही. २०२४ साली आधी आई आणि मग वडील दोषी ठरले. दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मिशिगनमध्ये, मूल पोहोचू शकेल अशा ठिकाणी असलेली बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. तो त्या चार मुलांसाठी उशिराच आला.

म्हणून तिकडच्या आया आता एक प्रश्न उघडपणे विचारू लागल्या आहेत. मूल कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल, किंवा कुणाच्या गाडीतून शाळेत जाणार असेल, तर त्या आधी विचारतात, “तुमच्याकडे बंदूक आहे का? असेल तर कुलपात आहे ना?” आपल्या आजीला हे विचारणं जड वाटेल. लोक काय म्हणतील, असं मनात येईल. पण शेजारणीला आपण “तुमचा कुत्रा बांधलेला आहे ना?” असं विचारतोच की. त्यात कुणाचा अपमान होत नाही. इंग्रजी येत नसेल तर लेकीला किंवा सुनेला विचारायला सांगा.

आणि आपल्या गावात

आपल्याकडे शाळेबाहेर बंदूक घेऊन कुणी उभं राहत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडायची हौस काही ठिकाणी दिसते. लग्नात, सभेत, धार्मिक ठिकाणी अशी आनंदाची गोळी निष्काळजीपणे झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा २०१९ पासून गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बंदूक परवान्याची असली तरीही. वरात आपल्या दारातली असेल, तर “इथे गोळी झाडायची नाही” हे सांगायचा अधिकार आपलाही आहे.

गटात बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढून या प्रश्नांवर बोला.

आपल्या गटातल्या कुणाकुणाची मुलं परदेशात आहेत? व्हिसावर असताना बंदूक बाळगता येत नाही, हे त्यांना माहीत आहे का?

आपल्या घरात शेतीसंरक्षणाची बंदूक असेल तर ती आणि गोळ्या कुठे ठेवल्या आहेत? किल्ली कुणाकडे असते?

फवारणीचं औषध, कोयता, विळा, बंदूक, यांतलं काय काय आज आपल्या पोरांच्या हाताला लागू शकतं?

घरी गेल्यावर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधा. पुढच्या भागात नवीन विषय घेऊन भेटू. तोवर नमस्कार.