'केव्हा?' विचारा, इंग्रजीचा पूर्णकाळ सोपा होईल

इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. 'गो-वेन्ट-गॉन', 'ईट-एट-ईटन' अशी क्रियापदांची तीन रूपे मुले घोकून पाठ करतात. पण त्यातले तिसरे रूप वापरायचे कुठे, असे विचारले की गप्प बसतात. आईवडील म्हणतात, आम्हाला कुठे इंग्रजी येते? महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची एबीसीडीशी ओळख पाचवीत व्हायची, आणि कितीतरी जणांची शाळा त्याच सुमारास सुटायची. तरीही या बाबतीत असे पालक मुलांना मदत करू शकतात. कारण पूर्णकाळ आपल्या मराठीतही आहे. आपण तो रोज बोलतो.

जेवण झाले आहे

शेजारी गेलो की 'बसा जेवायला' असा आग्रह होतो. आपण म्हणतो, 'नको, मी जेवलो आहे.' जेवण तर मघाशीच झाले. मग 'आहे' कशाला? कारण आपल्याला आत्ताची गोष्ट सांगायची आहे: आत्ता पोट भरलेले आहे. काम मागे झाले, पण त्याचा परिणाम आज आहे. हाच पूर्ण वर्तमानकाळ. इंग्रजीत 'आय हॅव ईटन'. तो, ती किंवा एकाचे नाव असेल तर 'हॅव'च्या जागी 'हॅज'. तिसरे रूप इथे एकटे येत नाही. 'आय ईटन' किंवा 'आय गॉन' असे लिहिले की वाक्य चुकले.

'मी अजून जेवलो नाही' यात 'आहे' दिसत नाही, पण 'अजून' आहे. म्हणून तेही 'आय हॅव नॉट ईटन यट'. 'अजून', 'नुकतेच', 'आधीच' हे शब्द आले की मुलांनी 'हॅव' आठवावे.

मराठी आणि इंग्रजी इथे वेगळ्या होतात

'मामा काल आले आहेत' हे मराठीत अगदी बरोबर आहे. म्हणून मुले लिहितात, 'अंकल हॅज कम येस्टरडे'. हे चूक. संपून गेलेली वेळ सांगितली की इंग्रजीत 'हॅव' चालत नाही, दुसरे रूप लागते: 'अंकल केम येस्टरडे'. काल, गेल्या वर्षी, दोन दिवसांपूर्वी, 2022 साली या सगळ्या संपलेल्या वेळा. 'आज' मात्र अजून संपलेला नाही, त्याच्याबरोबर 'हॅव' चालते.

इथेच पालकांना काम आहे. मुलाने वाक्य वाचले की मराठीत विचारा, 'केव्हा?' त्याचे उत्तर वाक्यातच असेल आणि ती वेळ संपलेली असेल, तर 'हॅव' काढायला सांगा. एवढे तपासायला आईला इंग्रजी यायला हवे असे नाही.

दुसरा खड्डा 'होतो'चा. 'मी काल दादरला गेलो होतो' असे आपण सहज बोलतो. मुले त्याचे 'आय हॅड गॉन' करतात. पण साधी कालची गोष्ट सांगायला इंग्रजीत 'आय वेन्ट टु दादर येस्टरडे' एवढे पुरे. 'हॅड' लागतो तो दोन गोष्टींतली आधी कोणती घडली हे दाखवायला. 'आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' आधी गाडी सुटली, मग आपण पोहोचलो. म्हणून 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'.

नोकरीच्या अर्जात

ही चूक परीक्षेत एखादा गुण घालवते. अर्जात आणि मुलाखतीत ती जास्त महाग पडते. 'आय हॅव पास्ड ट्वेल्थ इन 2022' असे हजारो अर्जांत दिसते. साल लिहायचे तर 'आय पास्ड' लिहावे. 'हॅव पास्ड' ठेवायचे तर साल गाळावे.

आता हे पाहा. पाच वर्षांपासून एका कारखान्यात काम करणारा, आजही तिथेच असलेला मुलगा दुसरीकडे मुलाखतीला जातो आणि म्हणतो, 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स'. ऐकणाऱ्याला वाटते, याने नोकरी सोडली आहे. मग पुढचा प्रश्न येतो, का सोडली? काम अजून चालू असेल तर म्हणावे, 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स'. याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात.

मराठीत 'पासून' हा एकच शब्द दोन कामे करतो: '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजीत शब्द दोन आहेत. सुरुवात सांगायची तर 'सिन्स': सिन्स 2019, सिन्स मंडे. मुदत सांगायची तर 'फॉर': फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू डेज. 'आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स' असे आपल्याकडे सर्रास बोलतात. अर्थ कळतो, पण पेपरात ते चूकच धरले जाईल.

गेला आहे की जाऊन आला आहे?

'दादा नागपूरला गेला आहे', म्हणजे तो घरी नाही: 'ही हॅज गॉन टु नागपूर'. 'दादा नागपूरला जाऊन आला आहे', म्हणजे परतला: 'ही हॅज बीन टु नागपूर'. मराठीत हा फरक आपण कधी चुकत नाही. इंग्रजीतही तोच आहे, फक्त 'गॉन' आणि 'बीन' लक्षात ठेवायचे.

रोजची दहा मिनिटे

जेवणे आटोपली की मुलांना जवळ बसवा. घरातलीच पाच कामे सांगा: पाणी भरले आहे, भांडी घासली आहेत, दप्तर भरले आहे, बाबा कामावरून आले आहेत, भाकरी झाल्या आहेत. मुलांनी ती इंग्रजीत सांगावी. मग प्रत्येक वाक्याला 'काल' जोडा आणि वाक्य कसे बदलते ते त्यांनाच सांगू द्या. चुकले तर रागावू नका, शांतपणे पुन्हा विचारा, 'केव्हा?'

मोठी मुलगी धाकट्याला शिकवत असेल तर फारच चांगले, तिचाही अभ्यास पक्का होतो. आणि शेजारची दोन मुले येऊन बसली तर त्यांनाही सामील करून घ्या. दहा मिनिटांना खर्च काही नाही.