पत्ते वाटणारे दोन कारकून

कचेरीतला संगणक सुरू होताच जाळ्यावर हाक देतो, "मला कोणी पत्ता देता का?" अंकी पत्ता मिळाल्याशिवाय त्याची इतरांशी नीट देवाणघेवाण होत नाही. असे पत्ते ठराविक मुदतीसाठी वाटणारा कारकून म्हणजे डीएचसीपी सर्व्हर. या पद्धतीचे नियम प्रथम १९९३ साली प्रसिद्ध झाले.

समजा, मुदत ८ तासांची आहे. सामान्यतः ४ तासांनी संगणक त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आले नाही, तर ७ तासांनी तो मिळेल त्या सर्व्हरला विचारतो. तेथेही शांतता असेल, तर ८ तास भरताच पत्ता सोडावा लागतो! म्हणजे सर्व्हर सकाळी बंद पडला, तरी त्याचा त्रास पुष्कळांना संध्याकाळी कळतो.

म्हणून सर्व्हर दोन हवेत. पण दोघांनी एकच पत्ता दोन संगणकांना दिला तर? घोटाळाच! यावर एक उपाय म्हणजे पत्त्यांची वाटणी. दुसरा म्हणजे दोघांनी आपल्या नोंदवह्या सतत जुळवत राहणे.

आता सांगा पाहू : पत्ते २००, दोघांकडे १००-१००, संगणक १५०. एक सर्व्हर बरेच दिवस बंद राहिला, तर किती संगणक अडतील? मग कोणता उपाय निवडाल?